हेडलाइट घासणे सोपे, टिकवणे अवघड: तालुक्यातल्या एका पेंटरच्या कामाचे परीक्षण

मोटारीचे हेडलाइट पिवळट, धुरकट झाले की यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या भागात गाडीमालकापुढे साधारण तीन वाटा असतात. दिव्यांची नवी जोडी आणावी, आठवडी बाजाराच्या रस्त्यावर बाटली आणि फडके घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून शे-दोनशे रुपयांत दिवे पुसून घ्यावेत, किंवा डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात जाऊन ते पॉलिश पेपरने रीतसर घासून घ्यावेत. आमच्या २०१२ सालच्या वॅगन-आरसाठी आम्ही गेल्या दिवाळीच्या आधी ही तिसरी वाट धरली, आणि त्या कामावरून आता एक पूर्ण उन्हाळा गेलेला असल्यामुळे त्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल. काम झाल्या दिवशी लिहिलेल्या परीक्षणाला या बाबतीत फारशी किंमत नसते, कारण घासलेला दिवा पहिल्या आठवड्यात कोणाचाही चमकतो.

दुकान आर्णी-दिग्रस रस्त्यालगत आहे. टिनाचे शेड, एका कोपऱ्यात कम्प्रेसर, मागे अपघातातून आलेल्या गाड्यांचे सांगाडे, अशी कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते तशीच त्याची मांडणी आहे. फलकावर हेडलाइटच्या कामाचा उल्लेखही नाही. मालक ते मुख्य धंद्यातून सवड काढून करतात. दुकानाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण या परीक्षणाचा रोख दुकानापेक्षा कामाच्या पद्धतीवर अधिक आहे. ही पद्धत पाळणारा पेंटर वणी, पुसद, वरूड, हिंगणघाट असा कोठेही भेटू शकतो, आणि न पाळणाराही.

पद्धत समजायची तर दिवा धुरकट का होतो हे आधी पाहावे लागते. जुन्या अँबेसेडरच्या किंवा पद्मिनीच्या दिव्यावर खरी काच असे आणि ती कितीही वर्षे उन्हात राहिली तरी पिवळी पडत नसे. नंतरच्या गाड्यांवर मात्र पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे आवरण आले. हे प्लास्टिक काचेच्या निम्म्या वजनाचे असते, खडा लागला तरी सहसा फुटत नाही आणि बंपरच्या वळणाप्रमाणे हव्या त्या आकारात घडवता येते. पण त्यावर ओरखडे लवकर उमटतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपुढे ते टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा एक कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. दिव्याचे आयुष्य खरे तर या लेपाचे आयुष्य असते. ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याने केलेली पुसापुशी यांनी तो झिजत जातो, जागोजाग तडकतो, सोलवटतो, आणि खालचे उघडे पडलेले प्लास्टिक पिवळे पडू लागते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, गाड्या बहुतेक उघड्यावर किंवा फार तर निंबाच्या अर्धवट सावलीत उभ्या असतात, आणि पांदणीची धूळ त्यांच्यावर वर्षातले निम्मे दिवस असतेच. अशा ठिकाणी कारखान्याचा लेप फार काळ तग धरील अशी अपेक्षा करता येत नाही. आमच्या गाडीचा उजवा दिवा डाव्यापेक्षा अधिक पिवळा होता, आणि त्याचे कारण एवढेच की अंगणात गाडीची उजवी बाजू पश्चिमेकडे असते.

दिवे मंद होणे ही शहरात गैरसोय असेल, पण येथे तिचे स्वरूप वेगळे आहे. गावाच्या शिवेबाहेर रस्त्यावर दिवाबत्ती नसते. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पहाटेच रस्त्याला लागतात आणि त्यांच्यामागे लाल दिवा तर सोडाच, परावर्तक पट्टीही असेलच असे नाही. रात्रपाळीच्या विजेवर ओलित करायला निघालेला शेतकरी काळ्या घोंगडीत सायकल हाती धरून चाललेला असतो. रोही (नीलगाई) आणि रानडुकरे यांचा तर नेमच नाही. रोह्याचा कळप रस्ता ओलांडताना पहिला प्राणी दिसला म्हणून गाडी थांबवावी, तर दुसरा बाजूच्या तुरीतून थेट बॉनेटसमोर येतो. धुरकट दिव्याचा आणखी एक तोटा असा, की त्यातून निघणारा प्रकाश नुसता कमी होत नाही, तर फाकतो. जो प्रकाश खाली रस्त्यावर पडायचा तो वर आणि बाजूला उधळला जातो, त्यामुळे आपल्याला कमी दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र चमक येते. अनेक जण यावर उपाय म्हणून मूळच्या ६०/५५ वॅटच्या बल्बऐवजी १००/९० वॅटचा बल्ब बसवतात. धुरकट आवरणातून तोही प्रकाश तसाच फाकतो, वर जादा उष्णतेने आतील परावर्तकाचा चकाकता थर करपतो आणि होल्डरची वायर कडक होऊन तडकते, ती वेगळीच.

या दुकानाची पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे काम हाती घेण्यापूर्वीची तपासणी. मालकांनी दिवे धुतले आणि ओल्या दिव्याकडे तिरप्या नजरेने पाहिले. ओलेपणी दिवा स्वच्छ दिसला आणि वाळताच पुन्हा धुरकट झाला, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे, कारण पाणी बारीक ओरखड्यांत भरून ते तात्पुरते लपवते. ओला असतानाही दिवा धुरकटच राहिला, तर दोष खोलवर किंवा आतल्या बाजूला आहे आणि बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. ही परीक्षा कोणालाही घरच्या घरी तांब्याभर पाण्यात करता येते. त्यानंतर त्यांनी टॉर्च लावून आतला परावर्तक पाहिला, दिव्याच्या मागचे रबरी झाकण जागेवर असल्याची खात्री केली आणि आवरणात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा नाहीत ना, हे बोटाने चाचपले. आमच्या आधी आलेल्या एका जीपवाल्याला त्यांनी परत पाठवले, कारण त्याच्या दिव्यात मागच्या फाटक्या रबरातून धूळ आणि मुंग्या शिरलेल्या होत्या आणि परावर्तक काळा पडला होता. जे काम फळणार नाही ते नाकारणारा कारागीर तालुक्याच्या बाजारात सहज भेटत नाही, म्हणून या गोष्टीची नोंद करणे आवश्यक वाटते.

दुकानात दोन प्रकारचे काम मिळते. पहिल्यात दिवा घासून, रबिंग कंपाउंड लावून, बफिंगच्या चाकाने चकाकी आणतात. दुसऱ्यात घासून झाल्यावर चकाकी न आणता थेट लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, हार्डनर हे ते घट्ट करणारे रसायन मिसळून फवारतात. आमच्या वेळी पहिल्याचा दर जोडीला ४०० रुपये आणि दुसऱ्याचा ९०० रुपये होता. बहुतेक गिऱ्हाईक पहिले काम घेते, विशेषतः काळी-पिवळीवाले, कारण त्यांना पासिंगच्या दिवशी दिवे स्वच्छ दिसले म्हणजे पुरते. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे हे गिऱ्हाईक नेमाने परत येते आणि दुकानाचाही तोटा होत नाही. मालकांनी मात्र आमच्याशी बोलताना आडपडदा ठेवला नाही. ते म्हणाले, “भाऊ, घासाले तं कोनीबी घासते. वरतून लॅकर नाई मारलं, तं उन्हाळा झाला का परत माह्याकडेच येसान तुमी.” आम्ही लॅकरचे काम घेतले.

घासण्याचे काम पाहण्यासारखे होते आणि जे पाहिले ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण या कामातील लबाडी किंवा घाई नेमकी येथेच खपून जाते. दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावले. एक थर कडेला घासून फाटतो आणि बॉनेटच्या रंगावर पांढरे ओरखडे येतात. बादलीत पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे थेंब टाकले आणि पॉलिश पेपरचे तुकडे त्यात आधीच भिजत घातले. पहिला कागद ६०० नंबरचा. तो एका लवचिक रबरी ठोकळ्यावर गुंडाळून आडव्या दिशेने फिरवायला सुरुवात होताच दिव्यावरून पिवळट, ताकासारखे पाणी बंपरवर ओघळू लागले. तो जुना, कुजलेला लेप होता. मालकांचा मदतनीस मुलगा अधूनमधून बाटलीने पाणी मारून ते धुऊन काढी आणि पुन्हा घाशी. ओघळणारे पाणी पिवळ्याचे पांढरे होईपर्यंत हा कागद सोडायचा नाही, असा तेथे दंडक आहे, आणि तो योग्य आहे. लेपाचे अर्धवट तुकडे कडेला राहिले, तर पुढचे सगळे थर त्या तुकड्यांवर बसतात आणि काही महिन्यांत तेथूनच सोलवटू लागतात. आमच्या उजव्या दिव्याच्या वरच्या कोपऱ्यात असा एक नखाएवढा तुकडा राहिला होता, तो मालकांनी स्वतः येऊन काढला.

नंतर ८०० नंबरचा कागद उभ्या दिशेने, १००० नंबरचा पुन्हा आडव्या दिशेने आणि शेवटी १५०० नंबरचा उभ्या. दिशा बदलण्यामागे कारण आहे. आधीच्या कागदाचे ओरखडे आडवे आणि नव्याचे उभे असले, म्हणजे आडवी रेघ कोठे शिल्लक आहे ते लगेच दिसते आणि ती जाईपर्यंत पुढे सरकायचे नाही हे कळते. ८०० नंबरच्या कागदाचा कण सुमारे २२ मायक्रॉनचा, १००० चा सुमारे १८ मायक्रॉनचा आणि २००० चा १० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणून नंबर गाळून एकदम मोठी उडी मारली, तर बारीक कागद मोठ्या कणाने पाडलेली खोल चीर भरून काढू शकत नाही आणि रात्री दिवा लावल्यावर त्या चिरा एकेक करून उजळतात. प्रत्येक कागदानंतर बादलीतले पाणी बदलले गेले. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आधीच्या कागदाचा एखादा सुटा कण पाण्यात राहून नव्या कागदाखाली आला, तर सगळी मेहनत एका फेरीत वाया जाते. आणि रस्त्याकडेच्या दुकानात, जेथे प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर धुळीचा लोट आत येतो, ही दक्षता दुप्पट घ्यावी लागते.

या टप्प्यावर दिवा पाहून सामान्य गिऱ्हाईक घाबरते. १५०० च्या कागदानंतर आवरण बाथरूमच्या दुधी काचेसारखे एकसारखे पांढरट झालेले असते, आणि आधीचा पिवळा दिवाच बरा होता असे वाटू लागते. बफिंगचे काम घेतलेल्यांच्या दिव्यावर यानंतर २००० आणि ३००० नंबरचे कागद फिरवून कंपाउंड लावतात आणि चाकाने चकाकी आणतात. तेथे चाकाचा वेग आवरावा लागतो, कारण पॉलिकार्बोनेट सुमारे १५० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि वेगाने फिरणारे चाक एकाच जागी दाबून धरले, तर तेथे कायमचा भाजल्याचा डाग पडतो. लॅकरच्या कामात मात्र चकाकी आणणे हीच चूक ठरते. गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकर पकड घेत नाही आणि कंपाउंडमधील तेलकट अंश राहिला तर त्यात माशाच्या डोळ्यांसारखी भोके पडतात. म्हणून दिवा तसाच दुधी ठेवतात, तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने आणि नंतर धूळ टिपणाऱ्या चिकट फडक्याने पुसतात, भोवतीची बॉडी वर्तमानपत्राने झाकतात आणि मग फवारणी होते. पहिला हात अगदी पातळ, धुक्याइतका. तो किंचित चिकट होईपर्यंत थांबून दुसरा. मग तिसरा भरीव. दुसऱ्या हाताच्या वेळी दुधीपणा एका बाजूने पुसला जात गेला आणि आतला बल्ब, परावर्तकाच्या खाचा आणि आवरणाच्या आतल्या बाजूला उमटवलेली बारीक अक्षरेसुद्धा वाचता येऊ लागली. लॅकर त्या बारीक ओरखड्यांत शिरून त्यांना भरून टाकते, म्हणून हे घडते.

लॅकरचा आग्रह धरण्याचे कारण केवळ पारदर्शकता नव्हे. बॉडीच्या रंगावर मारतात त्याच जातीच्या या लॅकरमध्ये अतिनील किरण शोषून घेणारे घटक असतात, आणि हार्डनरमुळे ते केवळ वाळत नाही तर रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे पेट्रोलचा थेंब किंवा ओले फडके यांना ते दाद देत नाही. पॉलिश पेपरने आपण फक्त धुरकटपणा काढत नाही. कारखान्याने दिलेल्या लेपाचा उरलासुरला अंशही काढून टाकतो. त्याच्या जागी दुसरा लेप न देता गाडी विदर्भाच्या उन्हात उभी करणे म्हणजे दिव्याला पूर्वीपेक्षा उघडे पाडणे होय. आमच्या शेजाऱ्यांच्या इंडिकाचे दिवे याच दुकानात, जवळपास त्याच सुमारास, पण नुसत्या बफिंगने झाले. त्या दिवशी ते आमच्यापेक्षा अधिक सुबक दिसत होते, हे मान्य केले पाहिजे. होळीनंतर त्यांच्यावर फिकट साय आल्यासारखी दिसू लागली आणि मृगाच्या पावसापर्यंत वरचा भाग स्पष्ट पिवळा झाला. आमच्या दिव्यांवर अद्याप पिवळेपणा नाही. दोन्ही गाड्या एकाच गल्लीत, एकाच उन्हात उभ्या असतात, त्यामुळे ही तुलना बरीच न्याय्य म्हणता येईल.

बाजारातल्या बाटलीबद्दल एवढेच सांगणे पुरे, की तिच्यातला द्रव लावताच दिवा लखलखतो आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात मूळ पदावर येतो. तेलकट द्रव ओरखड्यांत पाण्याप्रमाणेच भरतो, एवढीच त्याची करामत. मोबाइलवर फिरणारे उपायही पाहून झाले आहेत. टूथपेस्टमध्ये सौम्य घर्षक असतात, त्यामुळे वरवरचा धुरकटपणा थोडा निघतो, पण तुटलेला लेप तिने सुटत नाही आणि संरक्षण तर काहीच मिळत नाही. डास पळवणारे डीट हे रसायन असलेले मलम चोळण्याचा सल्ला तर अपायकारक आहे, कारण डीट काही प्लास्टिके विरघळवते. दिवा क्षणभर स्वच्छ दिसतो तो पृष्ठभाग मऊ झाल्यामुळे, आणि नंतर तो चिकट होऊन तडकतो. थिनर किंवा अॅसिटोनचेही तसेच. हल्ली द्रव तापवून त्याची वाफ दिव्यावर सोडण्याचे पेले ऑनलाइन मिळतात. ती वाफ पृष्ठभागाचा पातळ थर वितळवून सपाट करते म्हणून चकाकी झटपट येते, पण अशा द्रवांत डायक्लोरोमिथेनसारखी विद्रावके असू शकतात आणि बंद शेडमध्ये ती छातीत घेणे हा शहाणपणा नव्हे. स्वतःच्या हाताने करू इच्छिणाऱ्यांसाठी ड्रिलला जोडायच्या चकत्यांचे संच मिळतात. थ्रीएम या कंपनीच्या अशा संचात ५०० आणि ८०० नंबरच्या चकत्या, एक ३००० नंबरची आणि कंपाउंड असते. हात स्थिर असलेल्याला ते जमते, पण आधी म्हटलेली अडचण तेथेही आहे. वर लेप कोणता देणार, हा प्रश्न संच विकत घेताना सुटत नाही.

प्रकाशात फरक किती पडला, हे आम्ही रात्री जिनिंगच्या कुंपणाच्या भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिले. काम होण्यापूर्वी भिंतीवर एक पिवळट गोळा पडत असे आणि त्याची वरची कड सांगता येत नसे. आता डिपरच्या प्रकाशाची वरची कड स्पष्ट रेघेसारखी दिसते आणि डावीकडे ती नेहमीप्रमाणे वर चढत जाते, म्हणजेच डाव्या कडेचा मैलाचा दगड आणि पायी चालणारा माणूस उजळतो व समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. दिवे गाडीवरून न काढता काम केल्यामुळे त्यांची दिशाही बदललेली नाही. तरीही अपेक्षा माफक ठेवावी. अमेरिकेतील ट्रिपल ए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली केलेल्या चाचणीत जुने धुरकट दिवे नव्या दिव्यांच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश देत होते, आणि घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. मूळ कंपनीचा नवा दिवा बसवला तरच पूर्ण १०० टक्के मिळाले. बाजारातील पर्यायी दिवे ८३ ते ९० टक्क्यांवर राहिले. म्हणजे घासलेला दिवा तिपटीहून अधिक उजळतो, पण नवा होत नाही. ज्यांना दररोज रात्री लांबचा पल्ला गाठावा लागतो, उदाहरणार्थ नागपूरला संत्री किंवा भाजीपाला पोहोचवणारे, त्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर यवतमाळला कंपनीच्या दिव्यांच्या जोडीची चौकशी केली तेव्हा मजुरीसह पाच हजारांच्या आतबाहेर आकडा सांगण्यात आला, आणि डुप्लिकेट जोडी त्याच्या निम्म्याच्याही खाली. डुप्लिकेट घेणे हा मोह असतो, पण त्याच्या आवरणावरचा लेप कसा आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्याच्या परावर्तकाच्या खाचा मूळ दिव्यासारख्या प्रकाश फेकतीलच असे नाही. म्हणून मूळ दिव्याचा परावर्तक शाबूत असेल, तर ९०० रुपये देऊन तोच राखणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटले, आणि उन्हाळ्यानंतरही ते मत बदललेले नाही.

तक्रारीही आहेत. डाव्या दिव्याच्या खालच्या कडेला लॅकरचा एक ओघळ वाळून राहिला आहे आणि दोन ठिकाणी धुळीचे कण आत अडकले आहेत. प्रकाशावर त्याचा परिणाम होत नाही, पण बोट फिरवले की कळते. उघड्या शेडमध्ये फवारणी झाल्यावर हे टळणे कठीण, हे खरे असले तरी ओघळ ही हाताची कसूर आहे. सकाळी दहाला बोलावून प्रत्यक्ष काम दुपारी सुरू झाले. बिल मागितल्यावर वहीच्या पानावर आकडा लिहून मिळाला आणि हमीचा विषय हसण्यावारी गेला. यांपेक्षा गंभीर गोष्ट फवारणीची आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायने असतात, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की अगदी थोड्या संपर्कानेही तो उलटतो. मदतनीस मुलगा मात्र तोंडाला नुसता दुपट्टा बांधून फवारा मारत होता. दुपट्टा धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. गाळणी असलेला मास्क आणि त्याच्या बदलायच्या जादा गाळण्या यांचा खर्च काही कामांच्या मजुरीतून निघण्यासारखा आहे. आम्ही हे मालकांना त्याच दिवशी सांगितले, त्यांनी मान डोलावली. नंतर पेट्रोल भरून परतताना तेथे डोकावलो तेव्हाही दुपट्टाच होता. गिऱ्हाइकांनी हा विषय काढत राहावा. निदान आपला दिवा फवारला जात असताना आपण आणि आपली मुले शेडच्या बाहेर, वारा जिकडून येतो त्या अंगाला उभी राहावीत.

काम घेऊ इच्छिणाऱ्यांनी वेळ नीट निवडावी. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या दिव्यावर लॅकर पसरण्याआधीच वाळते आणि संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत होते. पावसाळ्याच्या दमट हवेत ते दुधाळ पडण्याचा धोका असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराच्या कोरड्या, वारा पडलेल्या सकाळी गाडी नेणे उत्तम, आणि सोयाबीनचे थ्रेशर रस्त्याकडेला चालू असतील तर ते आठवडे टाळावेत, कारण तो भुसा कोठेही जाऊन बसतो. फवारणीनंतर गाडी सावलीत वाळू द्यावी आणि पुढचे काही दिवस दिव्यांना पाण्याचा फवारा किंवा शाम्पू लावू नये. त्यानंतर दिवे पुसायचे ते आधी भरपूर पाणी ओतून, धूळ वाहून गेल्यावर, ओल्या मऊ कापडाने. पेट्रोल पंपावर काच पुसणाऱ्या मुलाचे कोरडे फडके दिव्यांपर्यंत येऊ देऊ नये. गाडी उभी करण्याची दिशा अधूनमधून बदलली तरी एकाच दिव्यावर मावळतीच्या उन्हाचा मारा होत नाही, आणि त्याला खर्च काही नाही. दुकानात जाण्याआधी फोन करून त्या दिवशी कम्प्रेसरला वीज आहे ना, एवढे मात्र विचारून घ्यावे. आमच्या भागात भारनियमनाच्या दिवशी मालक घासून ठेवतात आणि लॅकरसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात, आणि रात्रभर उघड्या राहिलेल्या त्या दुधी दिव्यावर धूळ बसली की १५०० चा कागद पुन्हा फिरवावा लागतो.